आत विचारून सांगते

उताराच्या गल्लीत वाइनची दुकानं तीन होती, पण हातात झाकलेली वाटी घेऊन माणसं जायची ती एकाच दुकानात. तिथली पद्धतच तशी होती. घरी रात्रीच्या जेवणाला जे शिजत असेल त्यातलं चमचा-दोन चमचे वाटीत घालून आणायचं, काउंटरवर ठेवायचं आणि मुकाट्यानं उभं राहायचं. ‘आज मटण आहे’ असं नुसतं तोंडी सांगणाऱ्याला काकू बाटली देत नसत. मटणामटणात फरक असतो, असं त्यांचं म्हणणं. कुणी मिरी सढळ हातानं घालतं, कुणाला टोमॅटोचा आंबटपणा मारता येत नाही, आणि काही घरांत तर मीठ घालताना भलत्याच माणसाचा राग पातेल्यावर निघतो. ते जिभेवर आल्याशिवाय जोडीला लाल वाइन कुठली द्यायची हे देवालाही सांगता आलं नसतं, मग काकूंना कुठून येणार?

काकू चमचाभर चाखायच्या, डोळे मिटून जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, “थांबा, आत विचारून सांगते.”

आत म्हणजे पडद्याच्या आत. दुकानामागच्या खोलीत खोक्यांच्या मधोमध एक वेताची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत काकूंचे यजमान बसलेले असायचे. गल्ली त्यांना पाठीमागे नाकशेठ म्हणायची आणि तोंडावर काका. बाटली उघडली की ग्लास पहिल्यांदा त्यांच्या नाकाशी जायचा. ते फक्त वास घ्यायचे. घोट घेणं डॉक्टरांनी कधीच बंद केलं होतं, त्यामुळे घोट काकूंचा. नाक त्यांचं आणि जीभ हिची, असा तो संसार होता, आणि बरा चालला होता. लग्न झाल्यापासून काकूंनी ग्लासाला म्हणून कधी नाक लावलं नाही. वास हा त्यांचा प्रांत. आपण उगाच लुडबुड कशाला करायची?

मग त्या बाहेर येऊन निकाल द्यायच्या. “हे म्हणतात, ही न्या. जेवायच्या आधी जरा उघडून ठेवा.” किंवा, “हे म्हणतात, रश्श्यात मिरी फार झालीय, भारी रेड घेतलीत तर घसा जळेल, ही हलकी न्या.” काकूंच्या तोंडी ‘मी म्हणते’ असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. भाडेकरूला खोली खाली करायला सांगायची असो, शेजारणीला उसनं भांडं मागायचं असो, नाहीतर गल्लीतल्या मास्तरांच्या सुनेला दोन कडक शब्द ऐकवायचे असोत, सगळं ‘हे’ म्हणत. काका स्वतः गरीब माणूस, उभ्या जन्मात कुणाला अरेतुरे केलं नसेल, पण त्या दोन शब्दांमुळे गल्लीत त्यांचा दरारा मोठा होता.

यातली एक गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती आणि गल्ली ती ओठांवर आणत नव्हती. नाकशेठ वारले होते. दोन हिवाळ्यांपूर्वी, एका दुपारी, त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. ग्लास हातातून सुटला तो खोक्यावर पडला, फुटलासुद्धा नाही.

दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा पहिला आला तो औषधांच्या दुकानाचा मालक. त्यानं सवयीनं वाटी पुढे केली. काकूंनी चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, थांबा, आत विचारून सांगते. औषधवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण थोड्या वेळानं काकू बाटली घेऊन आल्या, हे म्हणतात म्हणून त्याच्या हातात दिली, आणि रात्री जेवणाबरोबर ती अशी काही जमली की त्यानं दुसऱ्या दिवशी घरोघर सांगितलं. मग गल्लीनं मनाशी ठरवूनच टाकलं. बाईचं चाललंय ना, चालू दे. वाइन तर चुकत नाही.

पडद्याआड काय व्हायचं ते एकट्या काकूंना माहीत. त्या ग्लासात बोटभर लाल वाइन ओतायच्या, ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवायच्या आणि दिवा न लावता उभ्या राहायच्या. जरा वेळानं खुर्चीचा वेत करकरायचा. मग तो आवाज यायचा, नेहमीचाच, थोडासा सर्दी झाल्यासारखा. “अगं, ही नको. हिला अजून लाकडाचाच वास येतोय. खालच्या फळीवरची बघ.” काकू खालच्या फळीवरची उघडायच्या, घोट घ्यायच्या आणि बरोबर निघायचं. त्यांना कधी भीती वाटली नाही. हयातभर ज्याच्याशी बोललो, तो मेल्यावर बोलला तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं त्या स्वतःलाच सांगायच्या. मात्र एक होतं. तो आवाज फक्त वाइनबद्दल बोलायचा. त्यांनी कधी लेकीचा विषय काढला, की खुर्ची गप्प व्हायची, आणि मग रात्री अंथरुणावर पडल्यावर काकूंना ती शांतता कानाशी येऊन बसल्यासारखी वाटायची.

लेकीचं असं झालं होतं. एकुलती एक, बापाची लाडकी. तिनं लग्नासाठी पसंत केला तो फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. काकांची काहीच तक्रार नव्हती. त्यांनी त्याला जेवायला बोलावलं आणि फडताळाच्या मागून जपून ठेवलेली एक बाटली काढली. तळाचा गाळ हलू नये म्हणून सकाळपासून तिला टेबलावर उभी करून ठेवली आणि कुणाला त्या टेबलाला हातसुद्धा लावू दिला नाही. पाहुण्यानं पहिला घोट घेतला, तोंड जरासं वाकडं केलं, आपणहून उठला, आणि फ्रिज उघडून बर्फाचे खडे आणून ग्लासात टाकले. फ्रिजवालाच तो, त्याला दुसरं काय सुचणार? काका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्या जन्माच्या विद्येवर कुणी बर्फ टाकतो आणि नवरा हसतो, हे त्यांना पचलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक दुकानात आली. त्याला लांबच्या शहरात काम मिळालं होतं आणि तिला त्याच्याबरोबर जायचं होतं. बाबांनी एकदा हो म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. काकू म्हणाल्या, थांब, आत विचारून सांगते, आणि पडद्याआड गेल्या.

काका तिथे नव्हते. मागच्या अंगणात बाटल्या धूत होते. लेक आल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. नुसती हाक मारली असती तर ते ओले हात पुसत आले असते आणि हो म्हणाले असते, यात काकूंना तिळमात्र शंका नव्हती. तेच त्यांना नको होतं. पोरगी लांब जाणार हे त्यांना सोसवत नव्हतं, आणि ते न सोसणं रागासारखं वर येत होतं. खोक्यांच्या मध्ये त्या श्वास खाली बसेपर्यंत उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या.

“हे म्हणतात, गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस.”

त्यांना वाटलं होतं, बापाचा शब्द म्हटल्यावर पोरगी घाबरेल आणि राहील. पोरगी पडद्याकडे बघत उभी राहिली. बाप बाहेर येईल, निदान खोकेल तरी, असं तिला वाटत असावं. मग ती गेली. संध्याकाळी काकांनी विचारलं, आज लेक दिसली नाही? काकूंनी सांगितलं, ती त्याच्याबरोबर गेली, आणि जाताना म्हणाली की या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला वेगळं धाडस लागत नाही.  त्यानंतर दुकानाच्या दाराची घंटी वाजली की काका पडदा बोटभर सरकवून बघायचे, आणि पुन्हा सोडून द्यायचे. लेकीचा पत्ता नव्हता, तिचं पत्र येणार नव्हतं, आणि ते का येणार नाही हे जगात एकट्या काकूंना माहीत होतं. काका गेले तेसुद्धा पोरीनं आपल्याला टाकलं असं समजून गेले.

यंदा थंडी सुरू होता होता पुलापलीकडच्या नव्या इमारतींमधून एक घरकाम करणारी बाई वाटी घेऊन आली. बोलकी होती. आपल्या ताई नवीनच राहायला आल्यात, त्यांनी हे दुकान सांगितलं, रात्री याच्याबरोबर रेड कुठली घ्यायची तेवढं विचारून ये म्हणाल्या, असं एका दमात सांगून ती स्टुलावर बसली. काकूंनी चमचा तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला.

कांदा करपायच्या अगदी काठावर आणून थांबवलेला. रश्श्याच्या बुडाशी आधी जाळलेली चिमूटभर साखर. मिरी मिठाबरोबर कुटून सगळ्यात शेवटी वरून घातलेली. ही त्यांच्या स्वतःच्या हातची चव होती, आणि ती त्यांनी एकाच मुलीला शिकवली होती.

लेक गावात आली होती. तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, म्हणून तिनं वाटी पाठवली होती.

बाई उत्तराची वाट बघत होती. काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आत विचारून सांगते.” पडद्याआड त्यांनी ग्लास भरला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उभ्या राहिल्या. वेत करकरला नाही. आवाज आला नाही. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “लेकीची वाटी आलीय.” खुर्ची नुसती खुर्चीसारखी पडून होती. शेवटी त्यांनी अंदाजानं एक बाटली उचलली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे म्हणतात, ही न्या.

पुढच्या आठवड्यात बाई दुसरी वाटी घेऊन आली आणि तिनं न विचारता सगळं ओकून टाकलं. ताईंनी तिला खोदून खोदून विचारलं होतं, ते स्वतः म्हणाले का, तुझ्या कानांनी ऐकलंस का? आता पडद्यामागचं हिला काय ऐकू येणार? पण हिनं ठोकून दिलं, हो तर, काका आतच असतात, बाहेर येत नाहीत एवढंच. ताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या म्हणे. वाइन मात्र सगळी संपवली, असंही बाईनं सांगितलं.

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की लेकीच्या लेखी बाप जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, तिनं रांधलेलं चाखून त्याच्या जोडीची बाटली पाठवतो आहे. इथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. काकूंनी तोंड उघडलंही. पण काका गेले म्हटलं की लेक धावत येणार, आल्यावर त्या दिवसाचा विषय निघणार, आणि मग ‘हे’ म्हणायला कुणी उरलेलं नसणार. त्यांनी तोंड मिटलं आणि पडद्याआड गेल्या.

मग ते सुरूच राहिलं. दर आठवड्याला वाटी यायची आणि दर आठवड्याला निरोप जायचा. हे म्हणतात, मीठ अजून हात आखडूनच घालतेस. हे म्हणतात, कांदा या खेपेला छान उतरलाय. बाईमार्फत पलीकडूनही यायचं, ताई म्हणतात, बाबांची पाठ कशी आहे? काकू सांगायच्या, बरी आहे. बापलेकीचं इतकं गोड बोलणं बाप जिवंत असतानाही कधी झालं नव्हतं. रात्री काकूंना झोप यायची नाही. मेलेल्या माणसाला आपण माफी द्यायला लावतो आहोत, आणि तीही त्यानं कधी न धरलेल्या रागाची, हे त्यांना कळत होतं.

आणि खुर्ची गप्पच राहिली. लेकीच्या वाटीपुरतीच नाही, सगळ्यांच्या. काकू ग्लास ठेवायच्या, थांबायच्या, कान देऊन उभ्या राहायच्या, आणि बाहेर ग्राहक पाय बदलत ताटकळायचे. बाटल्या चुकायला लागल्या. औषधवाला येऊन म्हणाला, काकू, परवाची रेड जेवणाबरोबर शाईसारखी लागली हो. मास्तरांच्या सुनेनं बाटली अर्धी परत आणून ठेवली आणि वर नाक मुरडून गेली. आवाज होता तोवर काकूंना कधी भीती वाटली नव्हती. आता त्या खोलीत पाऊल टाकायला त्या भिऊ लागल्या. नवरा रागावलाय, आपलं सगळं खोटं ठाऊक झाल्यावर त्यानं अबोला धरलाय, असं त्यांना वाटायचं. त्या खुर्चीसमोर हात जोडायच्या. एकदा तर म्हणाल्या, शिव्या द्या, पण बोला.

एका रविवारी दुपारी दुकान बंद असताना बाईनं मागचं दार वाजवलं. वाटी दिली आणि निरोप सांगितला. आज रात्री दोघांनी जेवायला यायचं. बाटली बाबांनी निवडून स्वतःच्या हातानं आणायची. आणि त्यांना यायचं नसेल तर तसं सांगावं, मग ताई पुन्हा वाटी पाठवणार नाहीत. बाईला उत्तर हवं होतं. काकू म्हणाल्या, येतो म्हणून सांग. बाई गेल्यावर ‘येतो’ हा शब्द त्यांना आपल्याच तोंडून ऐकल्यासारखा वाटेना.

त्यांनी वाटी खोलीत नेली आणि पहिली बाटली उघडली. भारी, काळपट, बुचालासुद्धा रंग चढलेला. ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवला आणि थांबल्या. अंगणातला उजेड सरकत जाऊन खोक्यांवर गेला तरी थांबल्याच होत्या. “अहो, आजचा दिवस,” त्या म्हणाल्या. “आज चुकून चालायचं नाही.” काही नाही. मग त्यांना त्या खुर्चीचा एकदम राग आला. त्यांनी ग्लास उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नाकाशी नेला.

पिकून काळं पडलेलं फळ. पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा लाकडाचा वास. त्याच्या खाली थंड राख. काकूंना हे नवीन नव्हतं. हेच शब्द, याच क्रमानं, त्या खुर्चीतून गेली दोन वर्षं ऐकत आल्या होत्या. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि घोट घेतला, आणि वास नाकात होता तसाच्या तसा घशातही होता. तो घशात नेहमीच असायचा. तोंडात वाइन घेणाऱ्या माणसाला वास चुकवता येतच नाही. इतकी वर्षं तो त्यांना येतच होता, फक्त तो आपला आहे असं त्यांनी कधी मानलं नव्हतं. सर्दी झाल्यासारखा आवाज त्यांनी नवऱ्याचा घेतला होता. बोलत मात्र त्या स्वतः होत्या. लेकीबद्दल तो आवाज गप्प राहायचा, कारण तिच्याबद्दल बोलायची हिंमत त्यांना स्वतःलाच नव्हती. वाटी आली तेव्हा कुणी रागावलं नव्हतं. रागवायला खोलीत कुणी नव्हतंच.

काकू खोक्यावर बसून रडल्या. नवरा गेल्यावर रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या, कारण नवरा त्यांच्यापुरता आज गेला. दोन हिवाळे त्या अंधारात एकट्याच उभ्या होत्या, हे आता कळून त्यांना स्वतःचीच दया आली आणि शरमही वाटली. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी दुसरी बाटली उघडली, कारण पहिली त्या रश्श्याला भारी पडत होती.

दुसरी फारच हलकी निघाली. जाळलेल्या साखरेपुढे तिचं पाणी पाणी झालं. तिसरीचा वास आधी बुजऱ्या पाहुण्यासारखा आला, मग हळूहळू मोकळा झाला. काकूंनी एक चमचा घेतला आणि वर एक घोट. बेताचा आंबटपणा, मटणाच्या चरबीला पुरेल इतका तुरटपणा, आणि मिरीशी भांडण नाही. घोट गिळल्यावर पुन्हा चमचा घ्यावासा वाटला. जोडी जमली की असंच होतं. त्यांनी ग्लासभर कमी झालेल्या त्या बाटलीला बूच लावलं, फडक्यात गुंडाळली, आणि कुणाला न विचारता निघाल्या.

नव्या इमारतीचा जिना उंच होता. दार जावयानं उघडलं. केस विरळ झाले होते. त्यानं वाकून हातातली बाटली घेतली आणि “या, आई,” म्हणाला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मागे लेक उभी होती, ओल्या हातांनी, आणि ती आईकडे बघतच नव्हती. आईच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती. टेबलावर चार ताटं मांडलेली होती. एका खुर्चीला पाठीशी उशी लावली होती.

“बाबा मागून येताहेत का?” तिनं विचारलं. “जिना फार आहे. यांना खाली पाठवते, हात धरायला.”

काकूंच्या जिभेवर ते दोन शब्द तयार होते. हे म्हणतात, गुडघे धरलेत, पुढच्या खेपेला येईन. लेकीनं मानलं असतं. बापाच्या ताटातले चार घास डब्यात घालून दिले असते. असे पुढचे कितीतरी रविवार निघाले असते, आणि काकूंना लेक मिळाली असती.

“तुझे बाबा नाहीत गं,” काकू म्हणाल्या. “दोन हिवाळे झाले.”

लेकीला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, पण गेल्याच आठवड्यात त्यांनी कांदा चांगला झाला म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, ते मी सांगितलं. वाटी मी चाखली, बाटली मी दिली, सगळं मीच म्हणत होते. लेकीनं टेबलाची कड धरली. जावयानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. बराच वेळ ती त्या उशीकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललंय ते काकूंना दिसत होतं, आणि तो प्रश्न आता येणार हे कळत असूनही त्यांनी तो टाळला नाही.

“आणि त्या दिवशी?” लेकीनं विचारलं.

“त्या दिवशी ते आत नव्हतेच. मी कुणाला विचारलंच नव्हतं.”

आता थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण काकूंनी उरलेलंही सांगितलं, कुणी न विचारता. तू परत येणार नाही असं तूच म्हणालीस, असं मी त्यांना सांगितलं. घंटी वाजली की ते पडदा सरकवून बघायचे. शेवटपर्यंत बघत होते. बोलताना त्यांचा आवाज कुठेच अडखळला नाही, आणि याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

लेक ओरडली नाही. तिनं आईकडे एकदा नीट बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. जावयानं हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग आई, तुम्ही जरा थांबा, असं म्हणून तोही आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

काकू चार ताटांपाशी एकट्या उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या दारामागून पातेल्यावरच्या झाकणाचा बारीक खडखडाट येत होता, बाकी काही नाही. कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाशी बोलतही नव्हतं. काकूंनी कान देऊन ऐकलं. मग दार उघडलं आणि जावई एकटाच बाहेर आला. त्यानं दार मागे पुन्हा लावलं.

“ती म्हणते, जेवून जा,” तो म्हणाला.

हे बोलताना त्यानं काकूंच्या डोळ्यांत बघितलं नाही. वाढायचा चमचा उगाच सरळ करत राहिला. दाराआड जरा उभं राहून, श्वास खाली बसवून, परत आलेला माणूस कसा दिसतो हे जगात कुणाला कळत असेल तर ते काकूंना कळत होतं. आणि कदाचित लेक खरंच म्हणालीही असेल, अगदी हळू, मानेनं. आत जाऊन बघितल्याशिवाय ते समजायला काही मार्ग नव्हता.

काकूंनी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून त्या एका खुर्चीत बसल्या आणि जावयानं वाढलं तेवढं सगळं जेवल्या.